लाल चौकट

सोमवार, दुपार

प्रिय ताई,

तू बरी असशील असं धरून चालतो, कारण खुशाली कळायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. मी मजेत. बाबा ठणठणीत, गुडघा सोडून. आपल्या कंपनीत आता अकरा माणसं आहेत आणि चहाचे कप नऊच, त्यामुळे रोज सकाळी भांडण ठरलेलं.

सध्या मी मोठ्या कंपनीच्या बाहेरच्या खोलीत बसलोय. हीच ती, जिची गावोगाव औषधांची दुकानं आहेत. आत बोलावलं की सही. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, एका जुन्या कॉम्प्युटरवर आपण दोघांनी औषधविक्रीचा जो प्रोग्रॅम लिहिला, तो आता यांच्या प्रत्येक दुकानात चालणार. कागद मांडीवर ठेवून लिहितोय, अक्षर लावून घे.

अट तुला माहीत आहे. तिच्यावरूनच तू उठून गेलीस. तुझी लाल चौकट काढायची. गिऱ्हाईक आधीपासून घेत असलेल्या औषधाशी नव्या औषधाचं जमत नसलं की ती येते, आणि दुकानदाराने डॉक्टरांना फोन करून स्वतःच्या हाताने ‘विचारलं’ असं लिहिल्याशिवाय बिल निघत नाही. इथल्या साहेबांचं म्हणणं, रांग खोळंबते. मी तुला न सांगताच त्यांना हो म्हणून बसलो होतो. तेव्हा तू म्हणालीस, "उतावळ्या, तुला कुणाला विचारायची सवय नाही, म्हणून तुला ती चौकट खुपते." फार राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आत्ता एक बाई पाणी ठेवून गेल्या. साहेब मोकळे होतच आले, म्हणाल्या.

बाबांबद्दल वर लिहिलं ते अर्धवट आहे. परवा ते फणफणत घरी आले. तुमच्या त्या डबड्याने मला दुकानात ताटकळत ठेवलं, म्हणाले, माणसाने गुडघा धरून उभं तरी किती राहायचं. दुकान म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांचं. गुडघ्यासाठी नव्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. बाबा रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, तीही काकांकडूनच; पण हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मते गुडघ्याचा आणि रक्ताचा संबंध काय.

पुढचं काकांनी मला सांगितलं. "पाकीट पिशवीत टाकलंसुद्धा होतं रे. चौकट आली. तिला शिव्या घातल्या आणि फोन केला. डॉक्टरांनी आधीच्या गोळीचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, देऊ नका, आतल्या आत रक्तस्राव होईल."

बाबांना यातलं काही ठाऊक नाही. गोळी बदलून मिळाली, एवढंच ते सांगतात.

ताई, मी काकांच्या दुकानात का गेलो होतो, ते सांगायचं टाळतोय. चौकट काढलेला प्रोग्रॅम आधी चार दुकानांत चालवून बघायचा होता आणि त्यातलं एक काकांचं होतं. मी सकाळीच जाणार होतो. याच साहेबांचा फोन लांबला, म्हणून दुपार झाली. बाबा तेवढ्या वेळात येऊन गेले. काका हे सगळं हसत सांगत होते आणि पेन ड्राइव्ह माझ्या खिशात होता. तेव्हापासून जेवताना मी ताटातून मान वर करत नाही. समोर बाबा जेवत असतात.

आत बोलावतायत.

*

जिन्यात बसून लिहितोय. चौकट राहील, असं सांगून टाकलं. बाबांची गोष्टही सांगितली. साहेब म्हणाले, ऐकून वाईट वाटलं, पण धंदा असा चालत नाही. मग सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं आणि मला दारापर्यंत सोडलं.

ऑफिसातून सारखे फोन येतायत. सगळे खूश व्हायला बसलेत. अकरा जणांना काय सांगू? मी घाबरलोय, ताई. आपण कंपनी काढल्यापासून इतका कधीच घाबरलो नव्हतो.

दोन लहान दवाखान्यांनी त्यांच्या औषधाच्या खिडकीसाठी प्रोग्रॅम मागितलाय, चौकटीसकट. त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. एकट्याने देणारही नाही. तुझी खुर्ची आहे तिथेच आहे, फक्त तिच्यावर खोकी ठेवलीत, ती मी उचलीन. येशील का?

या वेळी आधी विचारलं.

तुझा,
उतावळ्या