मधुचंद्राची पाठराखीण

२८ एप्रिल

...त्या दिवशीही मी आधी अंगणच झाडलं होतं. मग गोठ्यातलं शेण काढलं, हंडा घासला, नाचणीचं पीठ चाळलं, चुलीवर पाणी ठेवलं. कमळू म्हशीला घेऊन नदीवर गेला तेव्हा मी ओट्यावर बसून वाण्याच्या पुडीचा कागद वाचत होते. अर्धीच बातमी होती, उरलेली अर्धी दुसऱ्या कुणाच्या तरी डाळीला गुंडाळलेली. नदीला पाणी गुडघाभर. त्याला फिट आली आणि तो पालथा पडला. म्हैस एकटी परत आली.

अकरा वर्षं झाली. तो होता तोवर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. आता वहीत लिहिते. वही चुगली करत नाही.

हे आज आठवायचं कारण — धाकटा भाऊ हरेश येऊन गेला. "ताई, तुला समुद्र बघायला न्यायचीय!" म्हणे. म्हटलं, मला गुडघाभर पाणी पुरलं.

पण तो ऐकायला आला नव्हता, सांगायला आला होता. त्याच्या योगिनीचं गेल्या आठवड्यात लग्न झालं. जावई भाविक, वैशाखऱ्याचा, पडघ्याच्या गोदामात सुपरवायझर. दोघांना किनाऱ्याकिनाऱ्याने आठ दिवस फिरायचंय — भाड्याच्या गाडीतून, जिच्यात पलंग, शेगडी आणि मोरी असते. पण जावयाच्या कुळदेवीचं दर्शन झाल्याशिवाय नव्या जोडप्याने एकटं राहायचं नाही, अशी दोन्ही घरची रीत. देवी कुठे? तर खाडी ओलांडून, वेळासकडे. म्हणजे अर्धा मधुचंद्र संपल्यावर!

मग तोड काय काढली? नवरीसोबत पाठराखीण पाठवायची. ती मी.

२९ एप्रिल

भावजय सकुबाईचा माझ्या नावाला विरोध होता, हे तिनेच प्रेमाने सांगितलं. "वन्स, राग नका मानू, पण पाठराखीण सवाशीण पायजे ना? तुमी म्हंजे..." मी म्हटलं, बोल गो, मला ठाऊक आहे माझा नवरा मेलाय.

पण योगिनी हट्टाला पेटली. "आत्याच पायजे. नायतर मी जात नाय." मला क्षणभर भरून आलं. मग लक्षात आलं, पोरीला डाळ-भाताचा कुकर लावता येत नाही. प्रेम कशावर आहे ते कळलं.

३० एप्रिल

गाडी दारात आली. पांढरी, लांब, काळ्या काचांची. आमच्या सापगावात अशी गाडी आली की लोक आधी विचारतात, कोण गेलं? पलीकडच्या घरातली लहानी डोक्यावर पदर घेऊन धावतच आली. तिला आत बसवून पलंग दाखवला तेव्हा तिचं रडं थांबलं. मग तिला तो पलंग फार आवडला. उठेना.

गाडी योगिनी चालवते. जावई शेजारी बसून गाणी लावतो. त्याचं लायसन म्हणे नूतनीकरणाला गेलंय. लग्नाच्या आठवड्यात! कसली वेळ साधलीय.

१ मे

झोपायची सोय लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही. खाली रुंद गादी, वर एक अरुंद फळी. खाली मी आणि नवी नवरी. वर जावई, छताला नाक लावून. याला मधुचंद्र म्हणतात. वाचनालयातल्या कादंबऱ्यांत वेगळं लिहिलेलं असतं.

सकाळी मुरूडच्या पुढे गाडीसकट बोटीत चढलो. बोट हलली तसा भाविक पांढराफटक. मला म्हणतो, "आत्या, तुम्हाला भीती नाय ना वाटत?" आणि माझा दंड धरून बसला, मला आधार द्यायला! नखं रुतली.

समुद्र पाहिला. पुस्तकांत 'अथांग' असतो. मी पाहिला तो चिकट होता आणि त्याच्या काठावर वेफर्सच्या पिशव्या होत्या. पण संध्याकाळी दिवेआगरला ओहोटी लागली आणि ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलं. दोन तास मी तिथून हलले नाही.

"आत्या, बरं नाय का?" भाविक दोनदा विचारून गेला. पोरगा वाईट नाही. उकडलेली अंडी सोलून देतो. फक्त सोललेल्या अंड्यात अंडं कमी आणि बोटांचे ठसे जास्त.

२ मे

डाळीला फोडणी द्यायला हिंगाची डबी उघडली. हिंग नाही. गोळ्यांची पट्टी.

नाव वाचायची गरजच नव्हती, रंगावरूनच कळलं. तरी वाचलं. शाळेत चौथीपर्यंतच गेले, इंग्रजी अक्षरं मी या पट्टीवरच शिकले — वाण्याच्या कागदांच्याही आधी. डॉक्टर म्हणाले होते, नाव नीट बघून घ्या, चुकीची घ्याल. म्हणून एकेक अक्षर गिरवलं. एकोणीस वर्षं रोज दोन. कमळूच्या त्याच फिटच्या गोळ्या.

फोडणी जळली.

म्हणून लायसन नाही. म्हणून बोटीवर तो चेहरा. आणि डबी काय हुशारीने निवडलीय! नव्या नवरीला स्वयंपाक येत नाही, ती हिंगाला कशाला हात लावणार? सासरच्यांची शाबास. माझी सासू ठमी एवढी हुशार नव्हती, ती गोळ्या तांदळाच्या मडक्यात ठेवायची. मला लग्नानंतर नवव्या दिवशी सापडल्या. दहाव्या दिवशी त्याला माझ्यासमोर फिट आली. सासू म्हणाली, "घाबरू नको गो, ऊन लागलं त्याला." पाऊस पडत होता.

आता काय करू? हरेशला सांगितलं तर तो रात्रीत गाडी करून येईल आणि पोरीला घेऊन जाईल. सकुबाई बैठक बसवेल. लग्न मोडेल. न सांगितलं तर मी ठमी झाले.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण ती कुणाला सांगता येत नाही. मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी कमळूशी लग्न केलं नसतं. शंभर टक्के नसतं केलं. मग ती एकोणीस वर्षं दुसऱ्या कुणाची तरी झाली असती. नुसत्या विचारानेच मला त्या बाईचा राग येतो.

२ मे, संध्याकाळी

जाहीर केलं : मी वरच्या फळीवर झोपणार.

योगिनी फळीकडे बघून म्हणाली, "आत्या, तुझे गुडघे?" म्हटलं, खाली घुसमटतं, मला वारा पाहिजे. वर वारा कुठला! नाक छताला. भाविक नको नको म्हणत होता. त्याला दरडावलं, "खाली झोपायचं. गादीवर, मधोमध. कडेला नाही." आणि कडेला माझी पिशवी, दोन उशा आणि तांदळाचं गाठोडं रचलं. फळीवरून पडला असता तर डोकं थेट शेगडीच्या कोपऱ्यावर.

मग रीत सांभाळायला योगिनीला कुठे झोपवायचं? दोन सीटच्या मधल्या जागेत, चादर घालून. नवरी जमिनीवर, नवरा उशांच्या कुंपणात, पाठराखीण छताला. देवी, लवकर दर्शन दे बाई!

वर चढताना योगिनीने माझे पाय धरून ढकलले. उशांकडे बघत होती.

३ मे

हरिहरेश्वर. मान धरलीय. डोक्याला टेंगूळ.

इथे मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी येते, नारळवाल्याच्या टपरीमागे, तेही एका पायावर. तिथून हरेशला फोन लावला. "परवा घरी येते. आले की एक गोष्ट सांगायचीय. जावयाबद्दल." "काय गो? काय केलं त्यानी?" मागून सकुबाई, "दारू पितो का? विचारा, दारू पितो का?" आणि रेंज गेली. पुन्हा लागलाच नाही. मी पुन्हा लावायचा प्रयत्न केला असंही नाही.

तर ठरलं. देवीचं दर्शन झालं की योगिनीला बाजूला घेऊन सांगायचं, आणि ती म्हणाली तर सोबत घरी न्यायचं. परत येताना भाविकने मला शहाळं दिलं. खोबरं स्वतः काढून. असल्या वेळी माणसाने जरा वाईट वागावं.

४ मे

सकाळी खाडी ओलांडली. पलीकडे लांबच लांब किनारा, माणूस नाही, लांब दोन कोळणी जाळं निवडत होत्या. भाविक मागे गाडी धूत होता. म्हटलं, दर्शनाआधीच बोलून टाकावं. तोंड उघडलं.

"आत्या, तुला कळलं ना?" योगिनीच म्हणाली.

"काय?"

"हिंगाचं. डबी माझीच आहे. मीच लपवली, तुझ्यापासून. मला काय ठाऊक, फोडणीत हिंग लागतो ते."

मी वाळूत बसले आणि तिलाही ओढून बसवलं.

तिला साखरपुड्याच्या आधीपासून माहीत होतं. भाविकनेच सांगितलं, शहापूरला रसाच्या गुऱ्हाळात. वर म्हणाला, नाही म्हण, मी कुणाला काही सांगणार नाही. ही म्हणाली, ग्लास संपव आधी. घरच्यांना सांगायचं नाही, हे हिने ठरवलं, त्याने नाही. "पप्पा ऐकले असते का? तू सांग."

"मग मला कशाला आणलंस? कुकर लावायला?"

"तुला बघून ठेवायला. म्हणजे... तू कशी करायचीस ते. डॉक्टर सांगतो ते कागदावर असतं, आत्या. माझ्यासमोर त्याला अजून एकदापण आलेली नाय. मी घाबरले तर? घरात तूच एक आहेस जिने हे सगळं केलंय. मी रोज ठरवत होते आज विचारू, आज विचारू. मग तू त्या फळीवर चढलीस."

मी तिला म्हटलं, अगं, मी कसली शिकवणारी? माझा नवरा गुडघाभर पाण्यात गेला. मी कागद वाचत होते.

असं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. या वहीशिवाय कुणालाच. तिने ते ऐकलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे पहिला नियम, पाण्यावर एकटा नाय. दुसरा सांग."

बापाची पोर! गहिवरायला पाच मिनिटंसुद्धा देत नाही.

भाविकला हाक मारली. हातातलं फडकं टाकून आला, गुन्हेगारासारखा उभा. "सॉरी आत्या." म्हटलं, सॉरी नंतर, आधी वाळूत पड. तो पालथा पडला. मी म्हटलं, पालथा नको रे. उताणा पड.

मग शिकवलं. घड्याळ बघायचं, पहिली गोष्ट. पाच मिनिटांवर गेलं की दवाखान्याची गाडी बोलवायची. डोक्याखाली मऊ काहीतरी. गळ्याचं बटण सोडायचं. हात-पाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, काही नाही. कांदा आणि चप्पल घेऊन धावणाऱ्यांना दारातच अडवायचं, तुझी आई पहिली असेल. हलायचा थांबला की कुशीवर करायचं. असा गुडघा वाकवायचा, असा खांदा धरायचा आणि ओढायचा. मग शेजारी बसायचं. तो डोळे उघडेल तेव्हा त्याला लाज वाटते. तेव्हा मोठं काही बोलायचं नाही. चहा टाकू का, एवढंच विचारायचं.

योगिनीने सात वेळा त्याला कुशीवर केलं. सातव्यांदा तो म्हणाला, "कान वाळूनी भरला, आता मला खरीच यायची!" आणि दोघं हसत सुटली. मग मी केलं. एकदाच. वजनाला कमळूएवढाच आहे.

कोळणी जाळं सोडून बघायला आल्या. एक म्हणाली, "काय गो, बुडला का?"

"नाही," मी म्हटलं. "मधुचंद्राला आलाय."

दुपारी देवीचं दर्शन झालं. गुरवाने ओटी भरायला सवाशीण कोण ते विचारलं. योगिनीने नारळ माझ्या हातात दिला. गुरव छताकडे बघत राहिला. मीही बघितलं. एवढे दिवस छत बघायची सवय झालीय.

५ मे

मंडणगडहून सकाळच्या एसटीने निघाले. एकटीच. दोन गाड्या बदलून संध्याकाळी घरी. हरेश आणि सकुबाई माझ्याच ओट्यावर वाट बघत बसलेले. पाणीसुद्धा विचारलं नाही. "सांगा वन्स, काय ती जावयाची गोष्ट? दोन दिस घास उतरला नाय आमचा."

म्हटलं, घोरतात फार.