भिंत निळी नव्हती

नाही पाठवणार, मामा. तिसऱ्या पत्रातही तेच मागितलंत, म्हणून तिसऱ्यांदा तेच सांगतो. "ज्याला खांद्यावर खेळवला त्याला आता मामाच्या चार गोळ्या जड झाल्या" असं लिहिलंत. लिहा. खांदा तुमचाच, पण हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलेली छातीही तुमचीच ना?

असो. आधी लिहायचं ते राहिलंच, तुम्हाला आणि मामीला नमस्कार. मी बरा आहे (म्हणजे दोन्ही हात खांद्यातून गळून पडायच्या बेतात आहेत, बाकी बरा). कारण तुम्ही मागता तीच गोळी. घेतली आमच्या रंगकामाच्या मुकादमानं आणि बाधली मला. कुणा दोस्तानं दिली, यानं डॉक्टरला न विचारता दोन एकदम गिळल्या आणि दुपारी घरी जेवून आला. आम्ही तीन खोल्यांना क्रीम रंगाचा दुसरा हात मारत होतो. आल्या आल्या म्हणाला, "निळा कुणी कालवला रे?" म्हटलं, क्रीमच आहे. तर म्हणे, मला काय डोळे नाहीत? (डोळे होते. त्या गोळीनं कधीकधी सगळं निळसर दिसतं हे आम्हाला काय ठाऊक!) मग पिवळा ओत, अजून ओत, करता करता भिंतींना कावीळ झाली. संध्याकाळी घरमालकानं पाहिलं आणि तिन्ही खोल्या पुन्हा रंगवायला लावल्या, त्याही फुकट.

हसू नका, पुढचं ऐका. मालकाशी भांडतानाच मुकादमाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेऊन विचारलं, "ताकदीची वगैरे काही गोळी घेतलीय?" मिशीला पीळ देणारा माणूस, माझ्यासमोर कसा कबूल होणार? शेवटी मीच म्हटलं, घेतलीय बाई, पाकीट मी बघितलंय. बाईंनी हातातली गोळी परत ठेवली. म्हणाल्या, ही आणि ती एकत्र आल्या की रक्तदाब असा खाली येतो, की माणूस वर जातो. (मुकादम वाचला. आता मला ओळख देत नाही.)

मामा, तीच जिभेखालची गोळी तुमच्या सदऱ्याच्या खिशात असते. तुम्हाला कळ आली तर मामी धावत येऊन, मायेनं, तीच तोंडात ठेवील. तिला बिचारीला काय माहीत!

मी बाईंना विचारलं, "एक ओळखीचे आहेत" म्हणून (त्या माझ्याकडेच दयेनं बघत राहिल्या). म्हणाल्या, लाजायचं काय त्यात? साखर, रक्तदाब, कधी चालू असलेली औषधंसुद्धा याला कारण असतात. घेतो त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आपल्या डॉक्टरकडे जायचं, उपाय दुसरेही असतात.

थकलोय. हात उचलवत नाही, अक्षर गोड मानून घ्या.

तुमचा भाचा

ता. क. मामी फोनवर विचारत होती, हे हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतात, माझं काही चुकलं का रे? मी काय सांगणार?

आणखी एक. डॉक्टरची फी आणि जाण्यायेण्याचं भाडं मामीच्या नावावर पाठवतोय. कशाचे पैसे ते मामाच सांगतील, असं तिला कळवलंय. पंधराशे.