वाचनालयाच्या चार खिडक्या

३ मार्च
जुन्या वाचनालयाची दुरुस्ती चालू आहे. जुनं लाकूड मागच्या बाजूला टाकलंय. कंत्राटदाराच्या हातापाया पडून चार खिडक्या मिळवल्या. अस्सल सागवान. बायको वीस वर्षं स्वयंपाकघराला एक खिडकी मागत होती. आता घे चार. चार दिवस म्हणून बहिणीकडे गेली, त्याला सात महिने झाले. खिडक्या बघितल्या की येईलच.

६ मार्च
सुतार म्हणाला, साहेब, खिडकी नऊ फुटांची, भिंत साडेआठ फुटांची. काही लोकांना नुसत्या अडचणीच दिसतात. आडवी बसवू.

११ मार्च
खिडक्या सुट्या केल्या. एकशे बारा तुकडे. प्रत्येकावर खडूने नंबर. काम कसं पद्धतशीर हवं.

१२ मार्च
तुकडे सोड्याने स्वच्छ धुतले. नंबरही गेले. हरकत नाही, माझ्या डोक्यात पक्के आहेत.

१९ मार्च
डोक्यात नाहीत.
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला एकदा फोन तरी करा. म्हटलं, काम पूर्ण झालं की करतो. रिकाम्या हाताने काय बोलायचं?
वाचनालयाचे दोन दरवाजेही मिळाले. तात्पुरते पॅसेजमध्ये.

२८ मार्च, सकाळी
संकल्प: उद्यापासून घरात एक फळीही आणायची नाही.

२८ मार्च, दुपारी
जिन्याचा कठडा आणला. संकल्प उद्यापासूनचा आहे.

२ एप्रिल
स्वयंपाकघराची भिंत फोडली. एक खिडकी कशीबशी जुळवली, पण बसेना. भोकातून ऊन मात्र झकास येतं. ओट्यापर्यंत. शेजारच्या वहिनी बघून म्हणाल्या, एवढंच तर मागत होती हो ती. मी त्यांना सागवानाचं महत्त्व समजावलं.

७ एप्रिल, रविवार
बायको आली. दार फूटभरच उघडलं, मागे पॅसेजमधले दरवाजे. ते सरकवावे तर कठडा आडवा. ती बाहेरच उभी. म्हणाली, शाळेत नोकरी लागलीय, जवळच खोली घेतलीय, माझी सर्टिफिकेटं तेवढी द्या. फटीतून दिली. वेळेवर जेवता ना, असं विचारलं तिने. हो म्हटलं. मग खिडक्यांबद्दल सांगितलं. लाकूड, बिजागऱ्या, पॉलिश, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तशी गेली.

८ एप्रिल
परत ये, एवढंच म्हणायचं होतं. पंधरा मिनिटं ती दारात उभी होती आणि मी तिला पॉलिश समजावत होतो.
आज काम केलं नाही. तिची फार आठवण येते.