फळीवरची चाकोली

१९ ऑगस्ट १९६२, मोंतान्य ब्लांश
हे साखर कारखान्यातून बाटली घेऊन आले. इंजिनियर साहेबांनी दिली. साहेब परदेशी, बास्क मुलखातले. तिकडे समुद्राकाठच्या डोंगरउतारावर त्यांच्या भावाचा लहानसा द्राक्षमळा. पांढरी वाईन, नाव चाकोली. भाऊ यंदा वारला. त्याच्या हातच्या दोनच बाटल्या उरल्या, त्यातली एक आमच्या घरी! दुसरं घर सापडलं नाही त्यांना!

गेल्या गणपतीत ह्यांनी रम सोडली. मूर्तीसमोर हात जोडून म्हणाले होते, "पुढच्या विसर्जनापर्यंत दारूला शिवणार नाही." तेव्हा वर्ष म्हणजे जन्म वाटला होता. आता विसर्जन तोंडावर, आणि बाटली फळीवर.

२२ ऑगस्ट
ओतून टाकते म्हटलं. हे म्हणाले, "राहू दे. लपवलीस तर जास्त आठवेल."
सासूबाई म्हणतात, "बाय, बाटलीकडं काय बघतीस, त्याच्या डोळ्यांकडं बघ." बघते. दोन्हींकडे.

२७ ऑगस्ट
गणपतीचा उपास सुरू. मासे-मटण बंद.
साहेबांचा निरोप : विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी येतो, मिळून उघडू. "सा दिवें-ला पा गार्दे," म्हणे. ही वाईन ठेवून टिकत नाही. हे "वी, मिस्ये", हो साहेब, म्हणून मोकळे! घरी येऊन मला, "मेलेल्या भावाची आठवण गं. नाही कसं म्हणू?"
गेल्या वर्षाआधीचे, रमचे दिवस आठवले. भीती वाटते, फार.

३ सप्टें.
गणपती बसले. माझे मोदक फुटले. लक्ष कुठं होतं...

४ सप्टें.
विसर्जन. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हे मूर्तीच्या कानाशी काहीतरी बोलले. ओठ हललेले दिसले. झांजांच्या गलक्यात ना मला ऐकू आलं, ना सासूबाईंना. वाटेत विचारायचा धीर झाला नाही.

५ सप्टें.
साहेब आले. व्हरांड्यात बसले. बाटली हातभर उंच धरून ओततात, फेस यावा म्हणून. दोन पेले. मी आत गातो पिमां, ही मिरचीची डाळभजी, तळत होते, ती करपली.

हे भरलेला पेला घेऊन थेट चुलीपाशी. पेला माझ्या हातात दिला. "तू पी."
"मी?"
"साहेबांना चव सांगायला हवी. चटकन!"

जन्मात शिवले नव्हते. प्यायले. गार, बिलिंबीसारखी आंबट, जिभेवर बारीक बुडबुडे, शेवटी किंचित खारट. तसं सांगितलं. हे रिकामा पेला घेऊन गेले आणि माझी चव जशीच्या तशी साहेबांना इथल्या क्रेओल बोलीत ऐकवली. साहेबांचे डोळे भरून आले. खूश होऊन त्यांनी ह्यांचा पेला पुन्हा भरला.

वाट पाहिली. हे आत आले नाहीत.

साहेब गेल्यावर पाहिलं, दोन्ही पेले रिकामे. व्हरांड्यातल्या जास्वंदीच्या कुंडीतली माती ओली होती, पण पाणी मीच सकाळी घातलेलं. हे पेले विसळत होते. वास घ्यायला अगदी जवळ गेले. वास माझ्याच तोंडाला येत होता, ह्यांचा कळेना.