गोठ्यात ठेवलेली गाडी

बाबा,

तुमची गाडी परवा मी खालून पाहिली. बावीस वर्षांनी पाहिली. इतकी वर्षं कुडपणला जात होते, आईकडे राहत होते, पण गोठ्यात शिरले तरी गाडीकडे पाठ करून गुरांना चारा घालायचे. परवा जावंच लागलं, कारण दादाने डोंबिवलीहून फोन केला. त्याने मुदतीआधी नोकरी सोडली आहे आणि हातात आलेला सगळा पैसा तुमची गाडी पुन्हा उभी करण्यात घालायचं ठरवलंय. अशा गाड्या आता देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात म्हणे. पुण्याच्या कुणा जाणकाराने त्याला सांगितलं की चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, शाबूत असेल, तर बाकीचं सगळं करता येतं, आणि चेसीच गेली असेल तर नाद सोडा. वहिनी आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. दादा मला म्हणाला, "बाबांनंतर नजर तुझीच. तू सांगशील ते करतो." माझं पोटच महाडच्या एमआयडीसीत लोखंड तपासण्यावर चालतं. कुठली टाकी ॲसिडने किती खाल्ली, कुठला पाइप अजून वर्षभर निघेल, हे रोज लोकांना सांगते. घरच्या गाडीला नाही कसं म्हणायचं?

तुमच्या नजरेची ख्याती मला दादाने सांगायची गरज नव्हती. पोलादपूरला हायवेच्या कडेला आपलं गॅरेज, आंबेनळी घाट उतरून ब्रेक जाळून आलेल्या गाड्यांची रांग, आणि त्यात कुणीतरी जुनी गाडी घ्यायच्या आधी तुम्हाला दाखवायला आलेला. तुम्ही त्याच्याशी बोलायचाही नाहीत. आधी गोणपाट अंथरायचं, गाडीखाली आडवं व्हायचं, वर त्याने मागवलेला चहा गार होतोय. अर्ध्या तासाने बाहेर यायचात आणि 'घे' किंवा 'नको' एवढंच सांगायचात. आठवीत असताना एकदा मी म्हटलं होतं, काय छान लाल गाडी आहे. तुम्ही खालूनच ओरडलात, "रंग बघायचा असंल तर साड्यांच्या दुकानात जा." समोर गिऱ्हाईक होतं, मी लाजेने मेले. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही एक छोटी हातोडी हातात दिलीत आणि गोणपाटावर मला जागा करून दिलीत. चांगलं लोखंड कसं वाजतं आणि कुजलेलं कसं, ते मला तिथे कळलं. आज माझ्याकडे जाडी मोजायचं मशीन आहे, तरी मी आधी ठोकून बघते. साहेब लोक हसतात.

मग ती गाडी आली. महाबळेश्वरच्या कुठल्याशा बंगल्यात पडून होती. हिरवीगार, दोन दारांची, मागची डिकी उघडली की आत आणखी दोघांना बसायला जागा. तुम्ही ती ट्रकवर चढवून घाट उतरवलीत आणि अख्खं पोलादपूर बघायला लोटलं. तेव्हा आई वर कुडपणला गुरं आणि शेती बघायची, दादा नोकरीला डोंबिवलीला, आपण दोघं खाली गॅरेजमागच्या खोलीत. गाडीसाठी आईच्या दोन दुभत्या म्हशी गेल्या. ती एका शब्दाने कुरकुरली नाही. शेजारणीला सांगायची, त्यांची नजर हाय, वाया नाय जायाची. दोन-तीन महिने तुम्ही रोज संध्याकाळी त्या गाडीत गुंतलेले असायचात, मला जवळही येऊ देत नव्हतात. आणि मग एक दिवस तिच्यावर ताडपत्री टाकलीत. पार्ट मिळत नाहीत म्हणालात. मी विश्वास ठेवला, का ठेवणार नाही?

त्याच उन्हाळ्यात तुमचा पाय मोडला आणि तुम्ही महाडला दवाखान्यात पडून राहिलात. पाठोपाठ वावटळीत गॅरेजचे पत्रे उडाले. पाऊस पंधरा दिवसांवर आलेला, डोक्यावर छप्पर नाही आणि मी एकोणीस वर्षांची शहाणी. विचार केला, आपल्या मुलखात कोरडी जागा कुठली? गोठा. आपल्याकडे पावसाआधी गोठ्याचं छप्पर शाकारतात, मग घराचं. घरात चार ठिकाणी टोप ठेवावे लागले तरी चालतात, पण गुरांच्या अंगावर थेंब पडता कामा नये. मी ट्रक ठरवला, गाडी वर नेली, सहाजणांनी ती ढकलत गोठ्यात घातली, दोन गायी बाजूच्या खुंटाला सरकवल्या. मला केवढा अभिमान वाटला होता स्वतःचा. दसऱ्यानंतर तुम्ही कुबडी घेऊन वर आलात. गोठ्याच्या दारात उभे आहात, मी बाजूला शाबासकीची वाट बघते आहे. तुम्ही म्हणालात, "गोठ्यात ठेवलीस होय." बस्स, एवढंच. त्यानंतर गाडीचं नाव तुम्ही कधी काढलं नाही, आणि दोन वर्षांत गेलातच.

त्या एका वाक्याचा अर्थ मला कामावर लागल्यावर कळला. पहिल्याच वर्षी आमच्या मोठ्या साहेबांनी शिकवलं की लोखंडाला सगळ्यात वाईट काय. ओल, मीठ आणि अमोनिया. म्हणजे गुरांचं मूत, त्यांच्यासाठी ठेवलेला मिठाचा खडा आणि बारा महिने ओली जमीन. मी ते वहीत लिहून घेतलं. आपल्या बापाची आयुष्यातली एकुलती एक हौस मी स्वतःच्या हाताने नेऊन सडायला ठेवली. तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्यात तर परवडलं असतं. तुम्ही गप्प राहिलात, आणि ते गप्प राहणं मी बावीस वर्षं उराशी घेऊन हिंडले.

तर परवा. दादाने जॅक लावून गाडी उचलली, खाली ऐनाचे ओंडके दिले. मी गोणपाट टाकून आडवी झाले. वरचं सांगते आधी. तळाचा पत्रा गेलाच आहे, हात लावला की पापुद्रे पडतात. बॉडीच्या आतलं लाकूड वाळवीने भुगा केलंय. इंजिन जाम आहे, पण त्याचं एवढं काही नाही, सुटेल. मी चेसी ठोकायला लागले. पुढून सुरुवात केली. वाजली. परत ठोकली, खणखणीत वाजली. माझा विश्वास बसेना. खरवडून पाहिलं तर वर तुमच्या जळक्या ऑइलचा जाड थर. पावसाळ्याआधी तुम्ही प्रत्येक गाडीला चोपडायचात तसाच. गोठ्याला आत शिरताच आलं नव्हतं. मी तशीच सरकत मागे गेले आणि गिअरबॉक्सच्या मागे हातोडी बद्द वाजली.

तिथे दोन्ही बाजूंना चेसीला आडवी चीर आहे, बाबा. कुणीतरी फार जुन्या काळी त्यावर पट्टी मारून ती लपवलेली. त्या पट्टीवर दुसरं वेल्डिंग आहे आणि ते तुमचं आहे. शेवटाला थोडं मागे वळून थेंब सोडायची तुमची सवय, मी ते हजारांत ओळखेन. चीर पुढे जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला तुम्ही भोकही पाडलंत. ती भोक ओलांडून पुढे गेली. आणि तुमचं काळं ऑइल भोकापलीकडच्या चिरेच्याही आतपर्यंत उतरून वाळलेलं आहे. म्हणजे ऑइल लावलं तेव्हा चीर होती. म्हणजे ताडपत्री टाकलीत तेव्हाच गाडी संपली होती. म्हणजे मी गोठ्यात नेली ती मेलेली गाडी होती. मी तिथेच पडल्या पडल्या रडले, आणि मग हसायला लागले. गाय वळून बघत होती. महाबळेश्वरला त्या दिवशी तुम्ही गाडीखाली झोपलाच नव्हतात, हो ना? दुसऱ्या कुणाची असती तर अर्धा तास घालवला असतात. हिच्या नुसते प्रेमात पडलात.

बाहेर येऊन दादाला म्हटलं, चेसी गेली, नाद सोड. नवी चेसी बांधता येईल, पण मग ती गाडी ही राहणार नाही. त्यापेक्षा इंजिन, दिवे, डॅशबोर्ड आणि डिकीचं झाकण अशा कुणाला देऊ, ज्याच्याकडे अशीच गाडी धड पायावर उभी आहे. दादाचा चेहरा क्षणभर पडला आणि मग त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला कळलं, 'नको' ऐकायलाच तो आला होता. लगेच वहिनीला फोन लावला.

आई ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, काय झाला गो गाडीला? इतकी वर्षं मी या प्रश्नाला भीत होते, आणि आता उत्तर माझ्या बाजूचं होतं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, गोठ्याने खाल्ली, आई. मी ठेवली ना. आई म्हणाली, "माझ्या बी मनात तवाच आलेला. पण तुझा बाबा बोलला, पोरीला यातला कायपण बोलायचा नाय. तिचा काय चुकला नाय." आणि वर म्हणाली, "त्यांची नजर चुकली नाय, नशीब चुकला."

मला राग आला तुमचा. माझं चुकलं नाही हे तिला सांगायला जमलं, मग मला का नाही? मला सांगितलं असतं तर चिरेचंही सांगावं लागलं असतं, आणि मग आईला म्हशींचं उत्तर द्यावं लागलं असतं. समजतं मला. तरी बावीस वर्षं फार झाली, बाबा. राग संध्याकाळपर्यंत टिकला. रात्री इतकी गाढ झोपले की आईला सकाळी हलवून उठवावं लागलं.

हे पत्र लिहून घरात ठेवण्याची सोय नाही. आईला वाचता येत नाही, पण दादाची मुलगी सुट्टीत येते आणि दिसेल तो कागद आजीला वाचून दाखवते. म्हणून उद्या चुलीत घालणार आहे. आई कालपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे की बाबांची एवढी मोलाची गाडी हिने गोठ्यात घालून सडवली. मी समोर बसून मान खाली घालते. तुम्हाला म्हणून सांगते, तेव्हा मला आतून हसू येत असतं.