उजवा गाल आणि लिंबाचं लोणचं

मंगळ., १४ ऑक्टो. ८६, ट्रॉय
सकाळी एंडोस्कोपी. घशात स्प्रे, शिरेत सुई, पुढचं आठवत नाही. पोटातला तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट सोमवारी. बाबाही 'ॲसिडिटी आहे' म्हणत राहिले आणि निघाला कॅन्सर. त्याचीच भीती वाटते. सु.ला बोललो नाही, तिला कशाला घोर.
परतताना सु. ड्राइव्ह करत होती. सिग्नलला माझ्याकडे बघून किंचाळलीच. उजवा गाल टम्म!

बुध., १५
रेवा शाळेत जाताना : "बाबा, यू लुक लाइक अ चिपमंक!" गालात दाणे कोंबलेली खार म्हणे. नऊ वर्षांची लेक, बापाची दया नाही.
सु.ने पाटणकर काकूंना फोन केला. काकूंनी फोनवरच गालगुंड ठरवून टाकलं. दुपारपर्यंत इथल्या महाराष्ट्र मंडळभर बातमी. शनिवारचं आमच्याकडचं पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, कॅन्सल.

गुरु., १६
डॉ.नी गाल चाचपला. गालगुंड नाहीच. एंडोस्कोपीनंतर क्वचित लाळेची ग्रंथी सुजते म्हणे, त्यांनीही दुसऱ्यांदाच पाहिली. आपोआप उतरेल. शेकायचं, भरपूर पाणी, आणि आंबट काहीतरी चोखायचं.
आंबट! पोटात जळजळायला लागल्यापासून तीन महिने आईचं लिंबाचं लोणचं सु.ने माझ्यापासून लपवलंय.
"डॉक्टरांचा हुकूम आहे," मी म्हटलं.
"लेमन ड्रॉप म्हणाले ते. मी तिथेच उभी होते."

शनि., १८
सूज निम्मी. पॉटलक नाही, तरी काकू हजर. नाकाला मफलर, हातात लेपाची वाटी. गालगुंड नाही म्हटल्यावर चिडल्या. "मग एवढी आंबेहळद मी कुणासाठी उगाळली?" लेप लावूनच गेल्या. रेवाने फोटो काढला. पोट धरून हसलो. त्याच पोटाचा रिपोर्ट परवा, हे तेवढा वेळ विसरलो.

सोम., २०
रजा टाकली. गाल जागेवर, जरासा ठणकतो. अकरा वाजले, फोन नाही. बारा.
जेवताना सु.ने बरणी काढली. लोणच्याची एक फोड ताटात वाढली.
"अगं, पोटाचं काय?"
"एका फोडीने काही होत नाही. बाबांचं दुखणं मीही पाहिलंय. लोणचं उगाच लपवलं होतं का मी?"
म्हणजे तीन महिने तिलाही तीच भीती. मी मूर्ख.
फोड तोंडात टाकली. गालात कळ गेली, लाळ सुटली, डोळ्यांत पाणी. सु.च्याही. तिने तर लोणचं घेतलंच नव्हतं.
एवढं लिहिलं आणि फोन वाजला. सु. हात धुऊन शेजारी येऊन उभी राहिली. "घ्या," म्हणते.
उठतो.