रंजीच्या पायाला वीट लावू दिली नाही

ती. आत्याबाईंना सून शांताचा दंडवत.

उद्या तुमच्या नावाचं पान वाढायचंय. त्याआधी खरं काय ते कळवावं म्हणून लिहायला बसले. नाहीतर शेजारची भागाबाई तिखटमीठ लावून सांगणार आणि तुमचा कावळा रुसून बसणार.

तुमची नात रंजी शाळेच्या संघात कबड्डी खेळते. गेल्या आठवड्यात खेळताना तिचा घोटा मुरगळला. मैत्रिणींच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आली. घोट्याचं पार वांगं झालेलं. भागाबाई लगेच तापलेली वीट आणि रुईची पानं घेऊन हजर.

"सर बाजूला, शांते. आत्याबाई असत्या तर आतापोतर पाय वढून मोकळ्या झाल्या असत्या."

आणि आत्याबाई, आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्या औषधाला आडवी गेले. शाळेतल्या खेळाच्या बाईंचा निरोप होता: ओढायचं नाही, चोळायचं नाही, शेकाचं तर दोन दिवस नाव काढायचं नाही. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. पाय टेकवताच आला नाही किंवा हाडावर दाबून कळ आली, तर मात्र एसटी धरून बीड गाठा. रंजीनं चार पावलं टाकली, हाडावर दाबलं तरी ओरडली नाही, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

राग आला ना? पण जरा आठवा. पार युसूफ वडगावहून पोरं हातपाय बसवून घ्यायला तुमच्याकडं यायची, तुम्ही कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. पण बोट निखळलं की ओढ, मनगट सुजलं की चोळ. आपल्या गावचा जुना संघ अजून हात जोडतो तेव्हा बोटं चार दिशांना जातात. नमस्कार नेमका कोणत्या देवाला, तेच कळत नाही.

दुष्काळात बर्फ कुठला? दूध सोसायटीचा हिशोब मी लिहिते, म्हणून तिथं गेले. म्हशी आटल्यात, दूध थंड ठेवायच्या पेटीत दुधापेक्षा बर्फच जास्त.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, म्हशीला ताप आलाय का?"

"म्हशीला न्हाई, कबड्डीला."

बर्फ फडक्यात गुंडाळून लावला. घरातलं घड्याळ बंद, म्हणून चार माळा जप होईस्तोवर.

"आई, जरा घाईनं जप ना. पायाचं लाकूड झालं."

"घाईचा जप देवाला पोचत न्हाई. गप बस."

वितळलेलं पाणी भोपळ्याच्या वेलाला घातलं. टँकरच्या दिवसांत ते टाकवतंय का? तुळशीला मात्र नाही हं घातलं.

धाकधूक मलाही होती. पोर लंगडी राहिली असती तर सगळं गाव म्हणालं असतं, मॅट्रिक झालेल्या सुनेनं शहाणपणा केला. भागाबाई तर रोज येऊन घोटा बघायची आणि सुस्कारा टाकून जायची.

आज सकाळी रंजी अंगणातून चुलीपर्यंत न लंगडता आली. भागाबाई निरखून बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाईंची पुण्याई, दुसरं काय!"

मी हो म्हटलं. तुमची नाही तर कुणाची?

आत्याबाई, तुम्ही इतके पाय हाताळलेत, पण कबड्डीचा एक डाव कधी पाहिला नाहीत. बायांनी मैदानावर जायचं नसायचं. खेळ संपल्यावर जे कण्हत यायचं, तेवढंच तुमच्या वाट्याला. रंजीला त्या पायावर उड्या मारता आल्याशिवाय मी खेळू देणार नाही, कुणी कितीही आर्जवं करो. पण ती खेळेल त्या दिवशी पदर खोचून अगदी पुढं जाऊन बसेन, आणि तुमच्या वाटणीचंही बघून घेईन. शब्द देते.

तुमची सून,
शांता